मानवत खटला, पंचनामे आणि आपण : खऱ्या गुन्हेकथांच्या ओढीविषयी

गोदाकाठ (परभणी)

सप्रेम नमस्कार.

खऱ्या गुन्ह्यांच्या हकिगती आवडीने वाचणाऱ्या, ऐकणाऱ्या माणसाला आपल्याकडे ही आवड जरा चोरूनच जोपासावी लागते. बसस्थानकावरच्या स्टॉलवर गुन्हेविषयक साप्ताहिक विकत घ्यायचे आणि दैनिकाच्या घडीत ठेवून घरी न्यायचे, ही आमच्या पिढीची सवय होती. आता कानात इअरफोन असतो, त्यामुळे कोण काय ऐकतो ते कळत नाही, एवढाच फरक पडला आहे. ही ओढ लाजण्यासारखी अजिबात नाही. उलट, सामान्य माणसाची कायदा, पुरावा आणि न्यायालय यांच्याशी जी काही ओळख झाली ती मुख्यतः या कथांमुळे झाली, असे माझे ठाम मत आहे आणि तेच मांडण्यासाठी हा धागा काढतो आहे.

मराठवाड्यात या विषयाचे नाव काढले की मानवत आठवल्याशिवाय राहत नाही. नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या काळात परभणी जिल्ह्यातल्या या कापसाच्या बाजारपेठेच्या गावात लहान मुली आणि स्त्रिया मिळून दहा जीव गेले. काळ कोणता होता, तेही लक्षात घ्यावे लागते. बहात्तरच्या दुष्काळात माणसे खडी फोडायला आणि पाझर तलावांच्या कामाला जात होती, पोरांच्या हातावर सुकडी पडत होती आणि घराघरांत तांबड्या मिलोच्या भाकरी थापल्या जात होत्या. अशा दिवसांत गुप्तधन आणि संततीच्या लालसेपोटी हे बळी घेतले जात असल्याचा आरोप पुढे आला, तेव्हा आसपासच्या गावांची काय अवस्था झाली असेल याची कल्पना करता येते. माझे वडील सांगत की, दुष्काळी कामावरून परतताना बायका एकट्या निघेनाशा झाल्या होत्या आणि दिवेलागणीनंतर मुलींना दारातसुद्धा उभे राहू दिले जात नसे.

वडील चौथीपर्यंत शिकलेले होते. तरीही माफीचा साक्षीदार म्हणजे कोण, त्याला माफी का मिळते आणि त्याच्या शब्दावर कितपत विसंबावे, हे ते एखाद्या वकिलाच्या नेमकेपणाने सांगत. त्यांना हे कोणत्याही शाळेने शिकवले नव्हते. खटला चालू असताना दैनिकातली बातमी वाचनालयाच्या ओट्यावर एक जण मोठ्याने वाची आणि बाकीचे त्यावर तासन्‌तास वाद घालीत, त्या वादांतून ते हे शिकले. जो स्वतः गुन्ह्यात सामील होता त्याच्या सांगण्यावरून दुसऱ्याला फासावर द्यायचे का, हा प्रश्न दहा-वीस शेतकरी पारावर बसून पोटतिडकीने चर्चेला घेतात, ही मला लोकशाहीतली फार मोठी घटना वाटते. त्या चर्चेला केवळ चवीची चर्चा म्हणून मोडीत काढणाऱ्यांनी ती कधी नीट ऐकली नसावी.

१९६८ सालच्या मुंबईतल्या रमन राघव साखळी खून प्रकरणाच्या तपासामुळे नावारूपाला आलेले रमाकांत कुलकर्णी हे अधिकारी मानवतच्या तपासावर आले. त्यांच्या आठवणींवर आधारलेली मराठी वेबमालिका २०२४ साली आली आणि आमच्या घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलांनी पन्नास वर्षांपूर्वीच्या या खटल्याविषयी वडीलधाऱ्यांना प्रश्न विचारायला सुरुवात केली. तुमच्या भागात, तुमच्या घरात अशी कोणती प्रकरणे सांगितली जातात आणि त्यातून तुमच्या हाती काय लागले, ते कृपया सविस्तर लिहावे.

नळदुर्गकर (धाराशिव)

आपल्या भागाचा या वाङ्मयप्रकाराशी संबंध मानवतच्याही बराच आधीचा आहे. फिलिप मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी निजामाच्या सेवेत असताना ठगांच्या कबुलीजबाबांशी त्याचा संबंध आला आणि त्यावर रचलेली त्याची कादंबरी १८३९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध होऊन प्रचंड खपली. एक ठग आपल्या तोंडाने आपले खून सांगत जातो, वाटसरूंशी गोड बोलून त्यांचा विश्वास कसा संपादन केला आणि गळ्याभोवती रुमाल कसा टाकला हे बारकाव्यांनिशी उलगडतो, अशी तिची रचना आहे. गुन्हेगाराच्या मनात शिरून त्याच्याच आवाजात हकिगत सांगण्याची जी पद्धत आज घरोघरी ऐकली जाते, तिच्या सुरुवातीच्या ठळक नमुन्यांत हे पुस्तक धरावे लागते. पुढे १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडाबरोबर नळदुर्गचा मुलूखही कंपनीच्या कारभाराखाली दिला, तेव्हा हाच टेलर आमच्या नळदुर्गला कारभारी म्हणून आला. नळदुर्गच्या किल्ल्यातला पाणीमहाल पाहायला येणाऱ्या शेकडो लोकांपैकी फार थोड्यांना हे माहीत असते, म्हणून मुद्दाम लिहिले.

धागाकर्त्यांनी माफीच्या साक्षीदाराचा उल्लेख केला, त्यालाही ठगांच्या इतिहासात फार महत्त्व आहे. कर्नल स्लीमनची सारी ठगविरोधी मोहीम अशाच फुटलेल्या ठगांच्या जबान्यांवर उभी होती. शिवाय १८३६ च्या कायद्याने तर अमुक एक खून केला हे सिद्ध करण्याचीही गरज उरली नाही, ठगांच्या टोळीचा सदस्य असणे एवढाच जन्मठेपेसाठी पुरेसा गुन्हा ठरला. जीव वाचवण्यासाठी बोलणाऱ्या माणसाच्या जबानीत खरे किती आणि साहेबाला हवे ते किती, यावर इतिहासकार आजही वाद घालतात.

अॅडव्होकेट_लातूर

धागा अतिशय जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे थोडे लांबवर लिहितो.

मानवत खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९७७ सालचा आहे. 'दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावाने तो ओळखला जातो आणि माफीच्या साक्षीदाराच्या साक्षीचे मोल ठरवताना आजही देशभरातल्या न्यायालयांत त्याचा दाखला दिला जातो. त्यातील कायद्याचा गाभा असा : तत्कालीन पुरावा अधिनियमाचे कलम १३३ म्हणत होते की, सहअपराध्याच्या केवळ एकट्या साक्षीवर झालेली शिक्षा बेकायदेशीर ठरत नाही. त्याच अधिनियमाच्या कलम ११४ मधील उदाहरण मात्र न्यायाधीशाला सावध करीत होते की, सहअपराधी हा महत्त्वाच्या तपशिलांबाबत पुष्टी मिळाल्याशिवाय विश्वासास पात्र नाही, असे गृहीत धरता येते. या दोन्ही कलमांचा मेळ घालून न्यायालयांनी शहाणपणाचा नियम रूढ केला, तो असा की गुन्हा घडला एवढ्याला पुष्टी मिळून भागत नाही, तर ज्या आरोपीला शिक्षा द्यायची त्या प्रत्येक आरोपीचा गुन्ह्याशी संबंध जोडणारी स्वतंत्र पुष्टी हवी.

याचा परिणाम मानवतच्या बाबतीत काय झाला, हे समजून घेण्यासारखे आहे. कटाचे सूत्रधार म्हणून ज्या दोघांकडे सगळ्या महाराष्ट्राने बोट दाखवले होते, ते वरिष्ठ न्यायालयात पुराव्याअभावी सुटले. प्रत्यक्ष हत्या केल्याचे सिद्ध झालेल्या काही आरोपींची फाशी मात्र कायम झाली. हा निकाल आमच्या भागातल्या अनेकांना त्या वेळी पचला नाही आणि अजूनही काहींना पचत नाही. तरीही संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, हे तत्त्व मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतल्या माणसाने ज्या खटल्यामुळे अंगावर घेऊन समजावून घेतले, तो हाच खटला होय. पुरावा अधिनियमाच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३८ मध्ये तर पुष्टीची अट थेट कलमाच्या मजकुरातच आली आहे.

माझ्याकडे येणाऱ्या पक्षकारांपैकी ज्यांना खटल्यांच्या हकिगती वाचण्याची सवय असते, त्यांच्याशी बोलणे सोपे जाते. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही हे त्यांना आधीच ठाऊक असते. ज्यांना ते ठाऊक नसते ते घाबरून कशावरही सही करून मोकळे होतात आणि मग आमच्याकडे धाव घेतात.

मानवतची_लेक

सर्वांचे प्रतिसाद मन लावून वाचले. माझे माहेर मानवत आहे आणि त्यामुळे मला काही वेगळे सांगावेसे वाटते.

कॉलेजसाठी मी पुण्याला गेले तेव्हा गावाचे नाव सांगताच समोरच्याच्या चेहऱ्यावर जे उमटत असे ते मी विसरू शकत नाही. आमच्या गावचा कापूस, गावाच्या नावाचे मानवत रोड स्टेशन, जवळची पाथरी यांतले काहीच कोणाला आठवत नसे, आठवत असे ती केवळ खुनांची मालिका. ज्यांच्या घरातली मुलगी गेली, त्या घरांतली माणसे गावात राहिली, त्यांनी शेती केली, लेकरांची लग्ने केली. त्यांच्यापैकी कोणाच्या घरात ही कथा रंगवून सांगितली जात नाही. गुन्हेगारांची नावे सगळ्यांना तोंडपाठ असतात आणि गेलेल्या मुलींची नावे कोणालाच सांगता येत नाहीत, याची मला खंत वाटते.

या विषयाची आवड असू नये असे माझे म्हणणे नाही, कारण ती मलाही आहे. रात्री झोपण्यापूर्वी मी स्वतः अशा कथा ऐकते. परंतु ओढीचे कौतुक करताना ती ज्यांच्या दुःखावर पोसली जाते त्यांचाही विचार या धाग्यात व्हावा, एवढीच विनंती आहे.

गोदाकाठ (परभणी)

ताई, आपण लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. आपली खंत रास्त आहे आणि या विषयावर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने ती ऐकून घेतली पाहिजे.

माझे म्हणणे इतकेच आहे की, ज्या मुलींची नावे विसरली गेली त्यांची प्रकरणे निदान विसरली गेली नाहीत, ती लोकांनी ही कथा सांगत ठेवली म्हणून. दुष्काळात मजुरी करणाऱ्या घरातली पोर नाहीशी झाली की चार दिवस गलका होतो आणि मग सगळे शांत होते, असा आपल्याकडचा अनुभव आहे. मानवतच्या बाबतीत तसे झाले नाही, कारण बाहेरच्या जगाने त्या गावाकडे डोळे लावले होते आणि ती नजर हटत नव्हती. ऑगस्ट २०१३ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर नरबळी आणि जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला, डिसेंबर २०१३ मध्ये त्याचा कायदा झाला. करणी, भानामतीच्या नावाखाली किंवा गुप्तधनाच्या शोधासाठी केलेली अमानुष कृत्ये त्याच्या अनुसूचीत आहेत. अनुसूचीतला तो मजकूर वाचताना मराठवाड्यातल्या कोणाही जुन्या माणसाला मानवत आठवते आणि असा कायदा कशासाठी हवा हे त्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

यापुढे या धाग्यावर लिहिताना पीडितांच्या घरांची, वारसांची ओळख पटेल असे कोणीही काही लिहू नये, अशी आपल्या वतीने मीही सर्वांना विनंती करतो.

निवृत्त_बेंच_क्लार्क

माझी सारी नोकरी सत्र न्यायालयात गेली. गुन्हेकथांच्या वाचकांना खुनाचे वर्णन फार आवडते असा समज आहे. खरा रसिक वाचक मात्र पंचनाम्यापाशी थांबतो, असा माझा अनुभव आहे, म्हणून त्याविषयी लिहितो.

आरोपी म्हणतो, "कुऱ्हाड कुठे ठेवली ते मी दाखवतो." त्याचे हे निवेदन दोन पंचांसमक्ष लिहून घेतले जाते, मग आरोपी पुढे, पोलीस आणि पंच मागे, अशी मंडळी निघतात. तो बांधावरच्या बोरीच्या जाळीत हात घालून कुऱ्हाड काढून देतो, तिचे वर्णन पात्याची लांबी, दांड्यावरचे डाग यांसह लिहिले जाते. ती कागदात गुंडाळून दोऱ्याने बांधतात, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी आत ठेवतात आणि वर लाखेचे सील मारतात. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुराव्यात चालत नसला, तरी त्यातून जी वस्तू हाती लागली तिच्याशी संबंधित तेवढाच भाग चालतो. म्हणून हा एक कागद कित्येक खटल्यांचा कणा असतो.

आणि तोच कणा न्यायालयात मोडताना मी पाहिला आहे. पंच पिंजऱ्यात उभा राहतो आणि सांगतो की, सही माझी आहे, परंतु मजकूर मला वाचून दाखवला नाही आणि मी पोलीस ठाण्याबाहेर गेलोच नाही. सरकारी वकील त्याला फितूर घोषित करण्याची परवानगी मागतात. गॅलरीत बसलेल्यांपैकी ज्यांना या विषयाची आवड असते, ते त्या क्षणी एकमेकांकडे पाहतात, कारण खटला कुठे निसटला हे त्यांना अचूक कळलेले असते. राज्य पोलिसांचे 'दक्षता' मासिक वर्षानुवर्षे वाचणारी अशी माणसे मी ओळखत असे. सुनावणीच्या तारखा ते आमच्याकडून विचारून घेत आणि आपली कामे सोडून येत. एखादा साक्षीदार चाचरला तर त्यांच्या नजरेला तो घाबरूनही पाहत असे. त्यांची ती उपस्थिती न्यायदानाला पोषकच होती, असे मी जबाबदारीने सांगतो.

नांदेडची_प्राध्यापिका

एक मुद्दा राहून गेला आहे, तो स्त्री-वाचकांचा. अमेरिकेत २०१० साली अमांडा विकरी आणि क्रिस फ्रेली या संशोधकांनी केलेल्या अभ्यासात असे दिसले की, खऱ्या गुन्ह्यांच्या पुस्तकांकडे पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक ओढल्या जातात आणि विशेषतः बळी पडलेल्या स्त्रीने सुटकेसाठी काय केले याची माहिती असलेली पुस्तके त्या आवर्जून निवडतात. मला यात काहीच आश्चर्य वाटले नाही. आमच्या वसतिगृहात मुली अशी प्रकरणे ऐकतात आणि मग बोलतात ते याविषयी : ती त्या गाडीत का बसली, तिला कोणत्या क्षणी शंका यायला हवी होती, घरच्यांनी पहिल्या दिवशीच तक्रार का दिली नाही. लेकीबाळींना सावध करण्यासाठी आजी-आत्या ज्या हकिगती दबक्या आवाजात सांगत, त्याच आता उघडपणे आणि तपशिलाने सांगितल्या जात आहेत. मानवतच्या ताईंनी स्वतः झोपण्यापूर्वी ऐकत असल्याचे लिहिले, तेव्हा मला त्यांचा फार आधार वाटला.

पूर्णा_जंक्शन

विषयाची मलाही आवड आहे, मात्र एक सावधगिरीचा मुद्दा नोंदवतो. १९५९ सालच्या नानावटी प्रकरणात 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने पत्नीच्या प्रियकराच्या खुनाचा आरोप असलेल्या नौदल अधिकाऱ्याची बाजू इतकी उचलून धरली की मुंबईतले जनमत त्याच्या पाठीशी उभे राहिले. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्याला निर्दोष ठरवले, तो कौल न्यायाधीशांना मान्य न झाल्याने प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि तिथे जन्मठेप झाली. पुढे १९६४ साली राज्यपालांनी त्याला माफी दिली. देखणा, गणवेशातला आरोपी लोकांना प्रिय झाला आणि मेलेल्या माणसाची बाजू मांडणारे कोणी उरले नाही. आज समाजमाध्यमांवर आरोपपत्र दाखल होण्यापूर्वीच निकाल दिला जातो, तेव्हा मला हे प्रकरण आठवते.

अॅडव्होकेट_लातूर

पूर्णेकरांचा मुद्दा मान्य आहे. त्याला उपाय म्हणजे अर्धवट बातमीवर न थांबता वाचकाने निकालपत्रापर्यंत जाणे. नानावटी आणि मानवत ही दोन्ही प्रकरणे ज्याने निकालपत्रातून वाचली, त्याला आरोपीचा गणवेशही भुलवत नाही आणि गावगप्पाही भुलवत नाहीत.

भरतीची_तयारी (हिंगोली)

सर, मी पोलीस भरतीची तयारी करीत आहे आणि हा धागा सुरुवातीपासून वाचतो आहे. बेंच क्लार्क काकांनी सांगितलेली सीलबंद कुऱ्हाड पुढे कोठे जाते आणि आता नव्या कायद्यात काय बदलले, हे कृपया सांगावे. मानवतचा निकाल मूळ स्वरूपात कोठे वाचता येईल?

निवृत्त_बेंच_क्लार्क

बाळा, मुद्देमाल न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातो. आपल्या मराठवाड्यासाठी छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) आणि नांदेड येथे प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. तिथून येणाऱ्या अहवालाला न्यायालयात सगळे सी.ए. (केमिकल अॅनालायझर) रिपोर्ट म्हणतात. त्यात रक्त मानवी आहे का, कोणत्या गटाचे आहे आणि सील शाबूत होते का, हे लिहिलेले असते. सील शाबूत होते की नाही ही ओळ पहिल्यांदा वाचायची सवय लावून घे. आरोपीचा वकील नेमका तिच्यावर बोट ठेवतो.

अॅडव्होकेट_लातूर

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करणे आणि त्याचे चित्रीकरण करणे अपेक्षित आहे. ही तरतूद अमलात आणण्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत दिलेली आहे. पंच फितूर झाला तरी चित्रीकरण बोलेल, असा त्यामागचा विचार आहे.

मानवतचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या ई-एससीआर या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येईल, खटल्याचे नाव वर दिलेच आहे. इंग्रजीने अडून राहू नकोस. धागाकर्त्यांची आणि मानवतच्या ताईंची हरकत नसेल तर मी त्यातले माफीच्या साक्षीदारांविषयीचे परिच्छेद एकेक करून मराठीत समजावून इथेच लिहीन.

मानवतची_लेक

माझी हरकत नाही. जरूर लिहा, मी वाचणार आहे आणि आईलाही वाचून दाखवणार आहे.